मदत करते म्हणूनच मागे पडते का?

पत्र

मी डिझाइन इंजिनिअर आहे. देश बदलून इथे नोकरीला लागले त्याला आता काही वर्षं झाली. आधीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलवर कोणी अडलंय असं दिसलं की आम्ही हातातलं काम ठेवून उठायचो, कोणी सांगायची वाट बघायचो नाही. इथेही मी तशीच वागते. नव्या माणसाला सॉफ्टवेअर शिकवणं, दुसऱ्याची ड्रॉइंग पुढे जाण्याआधी डोळ्याखालून घालणं, मीटिंगच्या नोंदी लिहिणं, कोणी रजेवर गेलं की त्याचं काम सांभाळणं, हे सगळं न सांगता करते.

यंदाच्या वार्षिक मूल्यमापनात बॉस म्हणाले, ‘तू टीममध्ये सगळ्यांना हवीशी वाटतेस, पण तुझी स्वतःची कामं उशिरा होतात आणि मीटिंगमध्ये तू बोलत नाहीस. वरच्या पदासाठी या वर्षी तुझा विचार करता येणार नाही.’ मला रडू आवरलं नाही. मध्यंतरी एका डेडलाइनमध्ये मी पार बुडाले होते, तेव्हा एकही जण उठून आला नाही. ज्याला मी पहिल्या दिवसापासून सगळं शिकवलं, तोही वेळ झाली तशी बॅग उचलून निघून गेला. इथले लोक स्वार्थी आहेत, की मीच मूर्ख आहे?

आणखी एक. आमच्याच भागातून आलेला एक ज्युनिअर आहे. त्याचे रिपोर्ट मी दर आठवड्याला रात्री घरी बसून दुरुस्त करते. तो मला ‘ताई’ म्हणतो, नाही कसं म्हणू? माझा नवरा म्हणतो, आता सगळं बंद कर. करू का?

उत्तर

नमस्कार.

आधी तुमच्या नवऱ्याच्या सल्ल्याचं बघू. तो रागातून आलाय, आणि राग तुमच्या बाजूनं असल्यामुळे तुम्हाला पटकन पटेलही. पण सगळं एकदम बंद करू नका. उद्या तुम्ही हात आखडता घेतलात तर ऑफिसात कोणाला त्याचं कारण कळणार नाही. ‘हल्ली हिचं काहीतरी बिनसलंय’ एवढंच लोक म्हणतील. तुमची तक्रार कोणापर्यंत पोचणार नाही, आणि बॉसनी तुमच्याबद्दल जी एक चांगली गोष्ट सांगितली तीही हातची जाईल.

आता त्या डेडलाइनबद्दल. तुमचं पत्र मी परत वरपासून वाचलं, कारण एक वाक्य मला त्यात सापडत नव्हतं. ‘जरा हात लावाल का?’ असं तुम्ही कोणाला विचारल्याचं पत्रात कुठेही नाही. एकही जण उठून आला नाही, एवढंच आहे. म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. कोणीतरी तुमचा चेहरा बघेल, तुम्ही रोज उशिरापर्यंत बसताय हे बघेल आणि खुर्ची ओढून शेजारी येईल. तुम्ही स्वतः आजवर हेच करत आलात, तेव्हा अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. ज्या वातावरणात तुम्ही घडलात तिथे दोन नियम जोडीनं चालतात: दुसऱ्याची अडचण न सांगता ओळखायची, आणि आपली अडचण शक्यतो कोणाच्या गळ्यात घालायची नाही. सगळे जण दोन्ही पाळतात तोवर कोणाला तोंड उघडावं लागत नाही आणि कोणी एकटं पडत नाही. तुम्ही आलात त्या ऑफिसात पहिला नियम नाही. तुम्ही मात्र दुसरा पाळत राहिलात.

हे तुमच्या एकटीचं नाही. हीजंग किम, डेव्हिड शेरमन आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र मांडलं. अडचणीच्या वेळी उघडपणे मदत मागायला आशियाई आणि आशियाई वंशाचे अमेरिकन लोक युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा जास्त कचरतात, असं त्यांना दिसलं. यामागे अहंकार वगैरे नव्हता. आपल्या मागण्यानं नात्यावर ओझं पडेल ही काळजी होती.

आता तुमच्या त्या शिष्याच्या जागी जाऊन बघा. आपल्याहून अनुभवी बाई उशिरापर्यंत काम करतेय. तिनं काही मागितलेलं नाही. न विचारता तिच्या कामात हात घालणं म्हणजे ‘तुम्हाला हे जमत नाहीये’ असं तिच्या तोंडावर म्हणण्यासारखं, असं शिकून तो मोठा झाला असण्याची दाट शक्यता आहे. तो बॅग उचलून गेला त्यात तुमचा मान राखणंही असू शकतं. असेलच असं मी म्हणत नाही. काही माणसं नुसतीच बेफिकीर असतात आणि ती सगळ्या देशांत सापडतात. पण विचारून बघितल्याशिवाय यातलं नेमकं काय, ते तुम्हाला कळणार नाही. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्येच केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटीछोटी मदत मागायला पाठवलं होतं. किती जण ‘हो’ म्हणतील याचा अंदाज आधी विचारला होता. प्रत्यक्षात ‘हो’ म्हणणारे अंदाजापेक्षा पुष्कळच जास्त निघाले. आणि हे प्रयोग अमेरिकेतले आहेत, जिथे ‘आपलं आपण बघावं’ ही वृत्ती फार मानली जाते.

म्हणून ‘स्वार्थी’ हा शब्द मी तुमच्या पत्रातून खोडते. तुम्हाला मूर्खही म्हणणार नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो जरा सविस्तर सांगते, कारण तो कळला की पुढचं सगळं सोपं जाईल.

कामाच्या ठिकाणी माणूस नेमून दिलेल्या कामापलीकडे जे आपणहून करतो, त्यावर अभ्यासकांनी गेली चाळीसेक वर्षं डोकं खपवलंय. डेनिस ऑर्गन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८८ मध्ये त्याची व्याख्या केली. हे वागणं स्वेच्छेचं असतं, पगार-बढतीच्या औपचारिक व्यवस्थेत ते थेट मोजलं जात नाही, आणि एकूण मिळून संस्था त्यावर नीट चालते. त्यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले: सहकाऱ्याला मदत, दुसऱ्याची गैरसोय होणार नाही असं सौजन्य, नेमल्यापेक्षा जास्त चोखपणा, गैरसोयीत कुरकुर न करणं आणि संस्थेच्या कारभारात रस घेऊन भाग घेणं. या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलीय. ‘नेमलेलं काम’ कुठे संपतं आणि ‘आपणहून केलेलं’ कुठे सुरू होतं, हे सगळ्यांना सारखंच दिसतं अशी. तसं ते दिसत नाही. १९९९ मध्ये सायमन लॅम, चुन हुई आणि केनेथ लॉ यांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान आणि हाँगकाँग इथल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना हेच विचारलं. सौजन्य दाखवणं, कुरकुर न करता चालवून घेणं या गोष्टींना जपान आणि हाँगकाँगमधले लोक कामाचाच भाग धरत होते. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या लोकांना त्यातलं बरंच वरचं, ऐच्छिक वाटत होतं.

यादीसुद्धा सगळीकडे एक नसते. लॅरी फार या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर चीनमधल्या कर्मचाऱ्यांना मोकळेपणानं विचारलं, आपणहून केलेलं चांगलं काम तुम्ही कशाला म्हणाल? उत्तरांत कामाची जागा स्वच्छ ठेवणं, स्वतःहून शिकत राहणं, सहकाऱ्यांमधला सलोखा जपणं अशा गोष्टी आल्या. अमेरिकी याद्यांमध्ये त्या ठळकपणे नव्हत्या. (२००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला स्वतःला ही यादी जास्त आवडते, पण ते असो.)

आता तुमचं मूल्यमापन या नजरेनं बघा. दुसऱ्याची ड्रॉइंग तपासणं, रजेवरच्या माणसाचं सांभाळणं हे तुमच्या लेखी कामच होतं, म्हणून ते तुम्ही बॉसना कधी सांगितलं नाहीत. रोजचं काम कोण सांगतं? बॉसच्या लेखी ते कामापलीकडचं होतं. त्यामुळे त्यांनी ते विचारलं नाही, मोजलं नाही, आणि त्यात तुमचे किती तास जातात याचा त्यांना पत्ताही नाही. त्यांना तुमची स्वतःची ड्रॉइंग उशिरा आलेली दिसली. त्यात लबाडी नाही. ते त्यांच्या हिशेबानं प्रामाणिक आहेत, तुम्ही तुमच्या.

मदत ही गोष्ट कर्तव्यात बसते की मर्जीत, हा फरक मुळातच खोल आहे. जोन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये भारतातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांपुढे वेगवेगळे प्रसंग ठेवले होते. जिवावर बेतलेली गरज असेल तर मदत करायलाच हवी, यावर दोन्हीकडे एकमत होतं. पण गरज किरकोळ आणि माणूस लांबचा असला की वाटा फुटल्या. भारतातले बरेच जण तेव्हाही मदत करणं हे कर्तव्यच म्हणत होते, अमेरिकेतले बरेच जण ‘ज्याची त्याची मर्जी’ म्हणत होते. मर्जी म्हणणारा माणूस मदत करत नाही असा याचा अर्थ नाही. त्यानं केली तर ती त्याच्या मते त्यानं दिलेली असते, आणि तुम्ही केली तर ते तुमच्या मते तुमचं देणंच असतं. त्यामुळे तुम्ही केलेल्या मदतीचे ते वारंवार आभार मानतात आणि तुम्हाला त्यात परकेपणा वाटतो. उलट, तुम्ही न मागता त्यांनी काही केलं नाही की तुम्हाला त्यांचं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

अर्थात हेही फार ताणू नका. ‘आमच्याकडचे लोक मदतीला धावतात, इकडचे नाही’ हे वाक्य परदेशी गेलेल्यांच्या गप्पांत मी इतकं ऐकलंय की त्याचा कंटाळा आलाय. रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत रस्त्यावर प्रयोग केले. चालता चालता पेन पाडायचं, पायाला पट्टा बांधून मासिकं पाडायची, अंध माणसाचं सोंग घेऊन रस्ता ओलांडायला उभं राहायचं. अनोळखी माणसाला मदत करण्यात रिओ पहिलं आलं, कोलकाता वरच्या शहरांत होतं, क्वालालंपूर शेवटी. पण ‘समूहाला महत्त्व देणारा समाज’ आणि ‘व्यक्तीला महत्त्व देणारा समाज’ या फरकानं त्या क्रमवारीचा उलगडा झाला नाही. समूहाला जपणारी माणसं बऱ्याचदा आपल्या समूहालाच जपतात, बाहेरच्याला नाही. हा मुद्दा तुमच्या ज्युनिअरच्या संदर्भात परत लागणार आहे.

आता बॉसच्या दुसऱ्या वाक्याकडे वळते. ‘मीटिंगमध्ये तू बोलत नाहीस.’ तुम्ही ते पत्रात लिहून पुढे निघून गेलात, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुमच्या मदतीची यादी बघा. शिकवणं, तपासणं, नोंदी, दुसऱ्याचं सांभाळणं. सगळी मूक मदत. लिन व्हॅन डाइन आणि जेफ्री लपाइन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये मदत करणं आणि आवाज उठवणं हे कामापलीकडच्या वागण्याचे दोन वेगळे प्रकार म्हणून मांडले. पहिल्यानं संबंध जुळतात. दुसऱ्यानं संबंध थोडे ताणले जाण्याची शक्यता असते, पण काम सुधारतं. ‘ही पद्धत चुकतेय’, ‘या वेळापत्रकात हे बसणार नाही’, ‘मागच्या प्रकल्पात आपण इथेच अडकलो होतो’ असं म्हणणं हीसुद्धा टीमला केलेली मदतच आहे, आणि तुमचे बॉस बहुतेक तीच मोजतात.

जिथे वरिष्ठाशी अंतर राखणं हे चांगल्या वळणाचं मानलं जातं, तिथून आलेल्या माणसाला हा दुसरा प्रकार जड जातो. चारचौघांत बॉसचा मुद्दा खोडणं म्हणजे मदत, हे त्याच्या गळी उतरत नाही. त्यात परकी भाषा. वाक्य मनात जुळवून होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. मग माणूस जिथे भाषा लागत नाही तिथे स्वतःला खर्च करतो: हातानं, वेळेनं. स्थलांतरित कर्मचारी फार ‘मदतशील’ दिसतात त्यामागे हे एक साधं कारण मला पुन्हा पुन्हा दिसलंय. बोलून जी किंमत मिळवता येत नाही ती ते राबून मिळवू बघतात.

आणि एक कारण याहून अवघड आहे. ते तुमच्या पत्रात नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या मदतीत भीती किती आहे?

परक्या देशात नोकरी म्हणजे नुसता पगार नसतो. अनेकदा राहण्याचा परवानाच त्या नोकरीला बांधलेला असतो. अडीअडचणीला धावून येईल असं माणूस जवळ नसतं. जुन्या डिग्रीला आणि अनुभवाला इथे पूर्ण किंमत मिळतेच असं नाही, त्यामुळे आपण इथे असण्याचा हक्क रोज सिद्ध करावा लागतो असं वाटत राहतं. अशा वेळी सगळ्यांना हवंहवंसं असणं हा एक विमा वाटतो: कपात झाली तर मला तरी ठेवतील. ‘नाही’ म्हणणाऱ्या स्थानिक माणसाला लोक ‘बिझी आहे’ म्हणतात. आपण ‘नाही’ म्हटलं तर ‘यांचे लोक असेच’ म्हणतील, ही धाकधूकही असतेच. आणि ती पूर्णपणे काल्पनिक नसते.

एरन व्हिगोडा-गडोट या इस्रायली अभ्यासकांनी २००६ मध्ये ‘सक्तीच्या सद्वर्तना’बद्दल लिहिलं. वरून स्वेच्छेची दिसणारी मदत आतून दबावामुळे होते, त्याबद्दल. तो दबाव वरिष्ठाचा असतो तसा परिस्थितीचाही असू शकतो, असं मी माझ्याकडून जोडते. दोन्हींत माणूस हसतमुखानं काम करतो आणि घरी जाऊन चिडतो. तुमच्या पत्रातली चीड मला त्या जातीची वाटते. मनापासून केलेली मदत कोणी लक्षात ठेवली नाही तर वाईट वाटतं, पण असं रडू फुटत नाही.

म्हणून एका संध्याकाळी कागद घ्या आणि गेल्या महिन्यात केलेली सगळी मदत लिहून काढा. प्रत्येकीपुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या मला इथे कायमचं राहायचा परवाना मिळाला आणि बॉसनी लेखी दिलं की नोकरी पक्की आहे, तर मी हे करेन का? ज्यांच्यापुढे ‘हो’ येईल ती मदत तुमची आहे, ती सोडू नका. तुमच्या स्वभावाचा, तुमच्यावर झालेल्या संस्कारांचा तो चांगला भाग आहे, आणि टीमला त्याचा खराखुरा फायदा होतोय. उरलेली कामं भीती करते आहे, आणि तिला बदल्यात काही मिळत नाहीये. मूल्यमापनात तेच तर दिसलं.

मीटिंगच्या नोंदींबद्दल मात्र मी तुमच्या कागदाची वाट बघत नाही, त्या बंदच करा. हा प्रश्न स्थलांतराचा नाही, बाईपणाचा आहे. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये दाखवलं की तीच मदत पुरुषानं केली तर त्याचं मूल्यांकन वर जातं आणि बाईनं केली तर फारसं हलत नाही. तिनं नाही केली तर मात्र खाली येतं. तुम्ही दोन्ही अर्थांनी त्या टीममध्ये वेगळ्या आहात. पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीलाच हसत म्हणा, ‘नोंदी आळीपाळीनं लिहूया, आज कोण सुरुवात करतंय?’ आणि मग गप्प बसा. कोणीतरी बोलेपर्यंत जी अवघड शांतता पसरेल ती तुम्ही भरायची नाही. नोंदी लिहिणारा माणूस बोलू शकत नाही, हे बॉसच्या दुसऱ्या तक्रारीचं निम्मं कारण असेल तर मला नवल वाटणार नाही.

बॉसशी बोलायचं ते याच महिन्यात, पुढच्या मूल्यमापनाची वाट न बघता. तक्रारीचा सूर नको. तो यादीचा कागद घेऊन जा आणि सरळ सांगा: ‘तुम्ही म्हणालात तशी माझी कामं उशिरा झाली. त्याचं कारण मी शोधलं. आठवड्यातले साधारण इतके तास मी दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासते आणि नव्या लोकांना शिकवते. टीमला हे हवं असेल तर ते माझ्या कामात धरा आणि मूल्यमापनात लिहा. नको असेल तर मी ते कमी करते आणि तो वेळ माझ्या प्रकल्पाला देते. तुम्हाला काय चालेल?’ तास खरे सांगा, फुगवू नका. तुम्हाला हे स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटेल. पण बॉसना ही माहिती हवी आहे, त्यांच्याकडे ती नाही. बरेच बॉस हे ऐकून चकित होतात. काही जण ‘मी तुला हे करायला सांगितलं नव्हतं’ म्हणतात. तसं म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, तेही एक स्पष्ट उत्तर आहे आणि त्यानुसार वागता येतं.

पुढच्या पदाच्या दृष्टीनं याची घाई आहे. जिथे मूल्यमापन मुख्यतः तुमच्या स्वतःच्या कामाच्या निकालावर होतं, तिथे मदतीत जास्त वेळ घालवणाऱ्यांची पगारवाढ आणि बढती मागे पडते, असं डायन बर्जरॉन आणि सहकाऱ्यांना २०१३ मधल्या अभ्यासात आढळलं होतं. तुमचं ऑफिस त्याच प्रकारचं दिसतंय.

मीटिंगमध्ये बोलण्यासाठी धाडस गोळा करायच्या भानगडीत पडू नका. विषयपत्रिका आदल्या दिवशी येते ना? त्यातला एकच मुद्दा निवडा, त्यावरची दोन वाक्यं घरी लिहून ठेवा, आणि पहिल्या दहा मिनिटांत ती बोलून टाका. नंतरचं नंतर. विरोध करायचा असेल आणि चारचौघांत जड जात असेल तर मीटिंगआधी बॉसना ईमेल करा: ‘या वेळापत्रकाबद्दल मला एक शंका आहे, उद्या मांडू का?’ बहुतेक ते स्वतःच तुम्हाला बोलायला सांगतील. उच्चारांची काळजी करू नका. तुमचा आकडा बरोबर असेल तर उच्चार कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि मागायला लागा. छोट्या गोष्टींपासून. फ्रँक फ्लिन यांनी एका दूरसंचार कंपनीतल्या इंजिनिअरांची देवाणघेवाण तपासली होती, २००३ मध्ये. घेण्यापेक्षा देणं जास्त असलेल्यांना सहकारी मान देत होते, पण त्यांचं स्वतःचं काम मागे पडत होतं. थेट तुमची गोष्ट. पण जे वारंवार देत होते आणि वारंवार घेतही होते, त्यांचा मानही चांगला होता आणि कामही. तेव्हा मागण्यानं तुमची किंमत कमी होईल ही भीती सोडा. त्या शिष्यालाच पहिल्यांदा विचारा. ‘या भागाची मापं एकदा बघून देतोस का? उद्या दुपारपर्यंत हवंय.’ काम नेमकं सांगा, वेळ नेमकी सांगा. ‘बघ जमलं तर’ असं गुळमुळीत म्हणालात तर तो ते शब्दशः घेईल, आणि त्याला जमणार नाही. तो ‘हो’ म्हणाला तर तुमच्या मनातला त्याच्याबद्दलचा निकाल बदलावा लागेल. ‘नाही’ म्हणाला तर पुढच्या वेळी त्याची ड्रॉइंग तपासताना तुम्हाला मन मोठं करायची गरज नाही.

राहिला तो ज्युनिअर.

तुम्ही रात्री त्याचे रिपोर्ट दुरुस्त करता, त्याचा परिणाम त्याच्यावर काय होतोय हे बघा. त्याच्या बॉसला वाटतं की त्याला रिपोर्ट लिहिता येतात. त्यामुळे त्याला कोणी शिकवत नाही, कुठल्या प्रशिक्षणाला पाठवत नाही. तुम्ही नोकरी बदललीत तर पहिल्याच महिन्यात तो उघडा पडेल. आणि त्याला अडचण आली की ऑफिसातल्या एकाच माणसाकडे जायचं अशी सवय लागलीय, जो माणूस त्याच्याच भाषेत बोलतो. तुम्हीही नवीन असताना असा आधार तुम्हाला मिळाला असता तर किती बरं वाटलं असतं, हे मला कळतं. पहिले काही महिने हा आधार फार मोलाचा असतो. पण तो लांबत गेला की बाकीची टीम त्याच्यासाठी परकीच राहते. बाकीच्यांना त्यात दोन परदेशी माणसांचा वेगळा गट दिसतो, ही बाजू वेगळी. मदत आपल्याच माणसांपुरती राहते असं त्यांना वाटलं, तर तुम्ही सगळ्या टीमसाठी केलेलंही झाकोळतं.

त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, मदतीची जागा आणि वेळ बदलायची. मदत घरून ऑफिसात आणि रात्रीची दिवसा न्यायची. त्याला असं सांगा: ‘यापुढे मी तुझे रिपोर्ट रात्री बघणार नाही, मला झेपत नाहीये. बुधवारी जेवणानंतर अर्धा तास तुझा. लॅपटॉप तुझ्या हातात, मी फक्त कुठे अडतंय ते दाखवणार, दुरुस्ती तू करायची. आणि महिन्याभरात टीममधल्या आणखी एकाकडून एक रिपोर्ट तपासून घ्यायचा. कोणाला विचारायचं ते मी सुचवते, विचारायचं मात्र तू.’ तो नाराज होईल. कदाचित दोन-चार दिवस ‘ताई’ म्हणणार नाही. होऊ दे. पहिल्या आठवड्यात रात्री त्याची फाइल आलीच तर ती उघडू नका, ‘बुधवारी बघू’ एवढंच लिहून पाठवा. आणि बॉसशी बोलाल तेव्हा हा अर्धा तासही त्यांच्या कानावर घाला.